ऐकायला दोघं जण

नाशिक,
सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

प्रिय यादव,

तुझ्या गाळ्यावर फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण सध्या रांगड्या कांद्याची आवक जोरात असणार, तुझ्या टेबलाभोवती चार माणसं उभी असणार, आणि तू एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने कोणाला तरी थांब म्हणत असणार. मला जे सांगायचं आहे ते तसं सांगता येणार नाही. शाळेत गुरुजी पत्रलेखन शिकवायचे तेव्हा एकाच बाकावर बसून आपण एकमेकांना पत्रं लिहायचो, आठवतं? 'इकडील सर्व कुशल आहे' याच्यापुढे आपलं गाडं सरकत नसे. आज तेवढं एक वाक्यच लिहिता येत नाही.

लंका आजारी आहे. चंपाषष्ठीला आम्ही गावी आलो होतो तेव्हाच तिला खाज सुटलेली होती, पण तिने कोणाला सांगितलं नाही. नंतर डोळे पिवळे झाले. पहिले तीन आठवडे आम्ही काविळीची माळ घातली. घोटीजवळ एक म्हातारी देते. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते म्हणतात. माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली, डोळे होते तसेच राहिले. मग पंचवटीतल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलं आणि सोनोग्राफीला पाठवलं. यकृतातून पित्त खाली येतं त्या नळीत खडा अडकला आहे आणि नळी तिथेच आवळून आली आहे. दुर्बिणीतून खडा काढायचा प्रयत्न झाला, निघाला नाही. आता पोट उघडून, नळी कापून आतड्याला जोडायची. मोठं ऑपरेशन आहे. फार थांबताही येत नाही, कारण ताप यायला लागला आहे.

मला याचं काय वाटतं असं तू विचारशील. खरं सांगायचं तर काही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालं आहे. सकाळी पूजा करतो, घंटा वाजवतो, आवाज ऐकू येतो, एवढंच. मागच्या आठवड्यात कालव्यावर रब्बीचं आवर्तन सुटलं. सत्तावीस वर्षं मी हे काम करतो आहे, पाटाला पाणी आलं की आजही मला बरं वाटतं. यंदा मी दार उचललं, पाणी गेलं, मी वहीत वेळ लिहिली आणि रजेचा अर्ज देऊन घरी आलो. आमच्या लेकीला, रोशनीला, सुरतेला कळवलं आहे, पण ती बाळंतीण, सव्वा महिनासुद्धा झालेला नाही. तिला यायचं नाही म्हणून बजावलं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रंगनाथराव, या ऑपरेशनला नाशकात हात एकाच माणसाचा आहे." आणि त्यांनी नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. नवसावहिनी गेल्या तेव्हापासून ते तुझ्यासमोर कोणी उच्चारत नाही, मीही नाही. मी बाईंना म्हणालो, "त्यांच्यावर केस झालेली आहे." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे." म्हटलं, "बाई, माणूस गेला होता." म्हणाल्या, "तेही ठाऊक आहे. त्यानंतर हॉस्पिटल बंद ठेवून हा माणूस वर्षभर मद्रासला जाऊन बसला, हीच नळी शिकायला. आता बाकीच्यांच्या हातून नळीला धक्का लागला की ते पेशंट गुपचूप यांच्याकडे पाठवतात. माझ्या वडिलांना मी त्यांच्याकडेच नेलं, आणि केसच्या नंतर नेलं." मी टेबलावरचे कागद गोळा करत राहिलो. त्यांना वाटलं असेल, हा मनात तोलतो आहे.

तू म्हणशील, दुसरा कोणी नव्हता का. होता. गंगापूर रोडला एक काचेचं नवीन हॉस्पिटल झालं आहे, तिथला तरुण डॉक्टर पाहिला. त्याच्यावर एकही केस नाही. त्याने कागद वरवर चाळले आणि म्हणाला, "काका, टेन्शनच घ्यायचं नाही. शंभर टक्के. आठव्या दिवशी मावशी भाकरी थापतील." लंका बाहेर येऊन म्हणाली, "त्याच्या घरी स्वयंपाकाला बाई नाही वाटतं." मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातही चौकशी केली. तारीख मार्चच्या शेवटी. तोवर ताप थांबेल याची खात्री कोणी देत नाही. मग मागच्या शुक्रवारी, तुला न सांगता, आम्ही त्या माणसाकडे गेलो. तुला न सांगता, हे मुद्दाम लिहितो आहे.

यादव, आता थोडं मागचं. मे ९६ मधलं तुला सगळं आठवतं हे मला माहीत आहे. जीपमधून वहिनींना आणलं ते, त्यांनी वाटेत तुझा हात इतका घट्ट धरला होता की तुझ्या मनगटावर वळ उठले होते ते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्या पिवळ्या पडायला लागल्या, डॉक्टर गावाला गेलेले, आणि त्यांचा हाताखालचा डॉक्टर दोन दिवस गॅस आहे, गॅस आहे म्हणत राहिला. अकरावा दिवस. तुझी तेजू तेव्हा दहा वर्षांची, ती लंकाच्या मांडीवर झोपलेली होती. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. पण तुझ्या आठवणीत ऑपरेशनच्या आधीचा एक अर्धा तास नाही. तेव्हा तू तिथे नव्हतास. दोन मावसभावांना घेऊन रक्त द्यायला गेला होतास.

त्या अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले. तेव्हा त्यांचे केस काळे होते. विचारलं, "पेशंटचे कोण?" मी म्हणालो, "दीर." सख्खा नसलो तरी तेच तोंडात आलं. ते म्हणाले, "पित्ताशय सुजलंय. आत सगळं चिकटलेलं असणार. आत्ता चाकू लावला तर कुठली नळी कुठली, ते ओळखणं अवघड आहे. सहा आठवडे औषधं देऊ, सूज उतरू दे, मग करू. नाहीतर मुंबईला न्या. आत्ताच करा म्हणाल तर नळीला धक्का लागू शकतो. जिवावरही बेतू शकतं." आत वहिनींचं कण्हणं ऐकू येत होतं. मी म्हणालो, "त्यांना आता सहन होत नाही, डॉक्टर. तुम्ही करूनच टाका." त्यांनी छापील फॉर्म पुढे केला. मी सही केली, आणि नात्याच्या रकान्यात 'दीर' असं लिहिलं. तू आलास, दंडाला कापूस लावलेला, आणि विचारलंस, "काय म्हणे?" मी म्हणालो, "काही नाही, सही घेतली."

मी हे तुला का सांगितलं नाही, याची कारणं मी इतकी वर्षं वेगवेगळी दिली आहेत, स्वतःलाच. तू घाबरशील. सहा आठवडे म्हणजे पुन्हा गाव, पुन्हा जीप, पुन्हा त्या कळा. तीही खरीच आहेत. पण आणखी एक होतं, जे मी देवासमोर बसूनही कधी पूर्ण उच्चारलं नाही. माझी रजा शनिवारी संपत होती. मला ते आटपायला हवं होतं.

पुढच्या वर्षी वकील म्हणाले, तिसऱ्या दिवसाचा हलगर्जीपणा आहेच, पण नुसत्या तेवढ्यावर ते निसटू शकतात. डॉक्टरांनी लेखी जबाबात म्हटलं होतं की धोक्याची कल्पना तोंडी दिरांना दिली होती. फॉर्मवर तसं काही लिहिलेलं नव्हतं, नुसती माझी सही. वकील मला म्हणाले, "तुम्ही एवढं एकच वाक्य द्या, कल्पना दिली नाही. बाकी मी बघतो." तू शेजारी बसला होतास, माझ्याकडे पाहत. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर तुला दोन गोष्टी एकदम कळल्या असत्या, डॉक्टरांनी कल्पना दिली होती ही, आणि ती मी तुझ्यापासून लपवली ही; दुसरी पहिलीपेक्षा वाईट होती. मी हो म्हणालो. कोर्टाबाहेर टायपिस्टने प्रतिज्ञापत्र टंकलं. कोर्टातल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "शपथेवर खरं?" मी म्हणालो, "खरं." आणि मनात काय म्हणालो ते ऐक. मनात म्हणालो, ही कागदाची शपथ आहे, इथे कुठे भंडारा उचललाय.

आपण लहानपणापासून तेच पाहिलं ना. बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, खंडेरायासमोर ज्याने बेल-भंडारा उचलला त्याचा शब्द शेवटचा. तिथे खोटं बोललेला माणूस आपण पाहिलेला नाही. सरकारी शपथेचं तसं काही नव्हतं; उत्पन्नाच्या दाखल्यापासून सगळीकडे लोक ती घ्यायचे आणि बाहेर येऊन चहा प्यायचे. मी त्याच फटीतून निघून गेलो. देवाला त्या टायपिस्टचं टेबल दिसत नसेल, असं एका भाविक माणसाला वाटलं. त्या वर्षी चंपाषष्ठीला पुजाऱ्याने भंडाऱ्याचं ताट पुढे केलं आणि माझा हातच वर जाईना. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, हळदीने अंगावर पुरळ येतं. दरवर्षी तू त्यावरून चेष्टा करतोस. यंदाही चारचौघांत म्हणालास, "मग लग्नात काय अंगाला गेरू लावला होता का रे?" सगळे हसले, मीही हसलो. मला हळदीने काहीही होत नाही, यादव. कधीच होत नव्हतं.

निकाल आपल्या बाजूने लागला. त्यात तिसऱ्या दिवसाचा हलगर्जीपणा होता आणि कल्पना न देणंही होतं. माझं वाक्य नसतं तर काय झालं असतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मिळालेले पैसे तू तेजूच्या नावावर टाकलेस, स्वतः त्याला शिवला नाहीस, आणि त्यातूनच ती फार्मसी शिकते आहे. तिचं पेढ्यांचं खोकं माझ्या घरी आलं तेव्हा मी एक पेढा देवापुढे ठेवला, आणि बराच वेळ तिथून उठलो नाही.

तर शुक्रवारी त्यांच्याकडे गेलो. केस पिकले आहेत, पण माणूस तोच. त्यांनी केसपेपरवर माझं नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लंकाचे कागद अर्धा तास पाहिले. मग पाठकोऱ्या कागदावर यकृत, नळी, आतडं काढून दाखवलं. कुठे कापणार, कुठे जोडणार. सांध्यातून पित्त गळलं तर काय, सांधा पुढे आवळला तर काय. म्हणाले, "अशी चाळीसेक केली मी. दोघं गेले. एकाचं पुन्हा उघडावं लागलं. न करता राहिलात तर काय होईल, तेही सांगतो." तेही सांगितलं. मग पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं."

मी त्या कागदावरच्या नळीकडे पाहत बसलो. तेव्हा लंकाने सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे गळेल आणि कुठे आवळेल, पाटाचं पाणी सांगावं तसं. डॉक्टर म्हणाले, "बाईंना कळलं आहे. पण त्यांना तर भूल दिलेली असणार, आणि नंतर काही कमीजास्त झालं तर बाहेरच्याला कळलेलं असायला पाहिजे. घरचं आणखी एक माणूस घेऊन या. दोघांना समोर बसवून मी पुन्हा सगळं सांगेन, आणि दोघांकडून ऐकून घेईन. एकट्याला सांगून मी आता कोणाचं पोट उघडत नाही." त्यांनी हे माझ्याकडे पाहून म्हटलं नाही. भिंतीकडे पाहूनही नाही. ते सगळ्यांनाच तसं सांगत असावेत.

मला प्रश्न पडला तो त्या जुन्या चुकीचा नव्हता. ज्या माणसाविरुद्ध मी खोटं लिहून दिलं, त्याच्या हातात सुरी देऊन बायकोला त्याच्यापुढे निजवायचं का? आणि हे सगळं लंकाला कसं सांगायचं? शनिवारी सकाळी ती खाज शमावी म्हणून गार पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. मी समोर पाटावर बसलो आणि सांगून टाकलं, जसं वर लिहिलं आहे तसंच. रजेसकट. ती पाण्यात पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "आणि मी सहा वर्षं तुमच्यासाठी बिनहळदीची भाजी करते आहे." पाय पुसता पुसता म्हणाली, "जा, त्याला विचारून या त्याच्या मनात काय आहे. पोट मला टाकायचंय त्याच्यापुढे."

गेलो. बाहेर नंबर लावून बसलो. आत गेल्यावर त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मी म्हणालो, "डॉक्टर, ते प्रतिज्ञापत्र..." ते म्हणाले, "खोटं होतं. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे." मी मान खाली घातली. ते म्हणाले, "पण तुम्ही करून टाका म्हणालात म्हणून मी केलं, हेही बरोबर नव्हतं. नाही म्हणणं माझं काम होतं. आणि तिसऱ्या दिवशी मी पुण्यात होतो. मेव्हण्याचं लग्न होतं. दोनदा हॉस्पिटलमधून फोन आला, मी म्हटलं उद्या बघू. ते फोनचं तुम्ही लिहिलं नव्हतं, तुम्हाला माहीतच नव्हतं. ते खरं होतं." मी विचारलं, माझ्या बायकोला हात लावताना तुमच्या मनात काही येईल का? ते म्हणाले, "येईल. न येऊन कसं चालेल? पण ते हातात उतरणार नाही, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकतो. तुम्हाला नको असेल तर मुंबईला माझ्या ओळखीचे आहेत, चिठ्ठी देतो, लवकर घेतील." चिठ्ठी त्यांनी तिथेच लिहून दिली. माझ्या खिशात आहे.

ती मी लंकाला दाखवली. मुंबईत कुठे, कधी, कसं, सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर माहेरच्या बोलीत म्हणाली, "मनं पोट शे, मीच ठरावसू." आणि मग मला समजेल अशा भाषेत, "पोट माझं आहे, मीच ठरवणार. तो नवा म्हणतो शंभर टक्के. हा म्हणतो दोन गेले, आणि मी लग्नाला गेलो होतो. मला याच्याकडे जायचंय. डॉक्टरचं माझं मी बघते. मला घोर तुमचा आहे."

गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं आहे. बुधवारी अकरा वाजता डॉक्टर समोर बसवून सगळं सांगणार आहेत, आणि तिथे माझ्याबरोबर दुसरं माणूस लागतं. मी लंकाच्या भावाचं नाव काढलं, ती नको म्हणाली. "यादवभाऊजींना बोलवा. तुम्ही एकट्याने ऐकलेलं मला नको. पण आधी त्यांना सगळं कळवा, मग बोलवा. तसंच बोलावून घेतलंत तर मी टेबलावर चढणार नाही." म्हणून हे पत्र लिहिलं आहे. तिने सांगितलं नसतं तर लिहिलं असतं का, ते मला सांगता येत नाही. आज सकाळी डॉक्टरांना फोन करून दुसरं माणूस कोण ते सांगितलं. ते म्हणाले, "येतील ते?" मी म्हणालो, "माहीत नाही." हे पाकीट सटाण्याच्या गाडीवरच्या लखन कंडक्टरकडे देतो आहे, तो संध्याकाळपर्यंत गाळ्यावर आणून देईल. तुझ्या हातातच द्यायचं, असं त्याला सांगितलं आहे. बुधवारी सकाळी पहिल्या गाडीच्या वेळेपासून मी स्टँडवर उभा असेन. तू आलास आणि माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी पुढे चालेन, तू मागून ये. तिथे बसून ऐक, आणि जे ऐकशील ते लंकाला तू सांग. साडेदहापर्यंत तू दिसला नाहीस तर मी तिच्या भावाला घेऊन जाईन आणि तिची समजूत घालेन, आणि तू का आला नाहीस हे कोणालाही विचारणार नाही.

अजून तसं लिहू देत असशील तर,
तुझाच,
रंगनाथ